खिशातल्या किल्ल्या

(मास्तरांच्या स्मृतिदिनानिमित्त बरुआसागर इथं दिलेलं व्याख्यान)



मास्तरांच्या नावाचं व्याख्यान आजवर झाशीतच होत आलं. यंदा ते बरुआसागरला घ्या, असा हट्ट मी धरला. संयोजकांनी तो पुरवला, पण सतरंज्या, लाउडस्पीकर आणि चहाची किटली चोवीस किलोमीटर वाहून आणताना त्यांनी मला मनातल्या मनात काय म्हटलं असेल, याची मला कल्पना आहे. त्यामुळे हट्टाचं कारण आधी सांगतो.

मी आठवीत होतो. मास्तरांनी आम्हा सात-आठ पोरांना सायकलींवरून इथं आणलं. आमच्या दृष्टीनं ती सहल होती. ओरछाच्या राजा उदितसिंहानं घातलेला हा बांध, त्यामागचं पाणी, टेकडीवरचा किल्ला, आणि १७४४ साली पेशव्यांच्या फौजेची बुंदेल्यांशी इथं झालेली लढाई, हे सगळं मास्तर वाटेत सांगत आले. झाशीतल्या मराठी घरात वाढलेल्या पोराला लढाईत कुणाच्या बाजूनं उभं राहायचं हा प्रश्न नेहमीच पडतो. शाळेतले निम्मे मित्र बुंदेले असतात.

बांधावर पोचल्यावर मास्तरांनी पिशवीतून पितळी डबीतलं होकायंत्र काढलं आणि एकेकाला उत्तर दाखवायला लावली. सगळ्यांची उत्तर एक निघाली, माझी वेगळी. मी डबी फिरवून पाहिली, तळहातावर सपाट धरून पाहिली, पण सुई हट्टानं तिरकीच. पोरं हसायला लागली. मास्तर म्हणाले, ''अरे, सुई बरोबर आहे. तुझे खिसे रिकामे कर.'' सदऱ्याच्या खिशात घराच्या कडीच्या कुलपाची बोटभर लांब लोखंडी किल्ली होती, सायकलच्या किल्लीसकट. त्या बाहेर काढून दगडावर ठेवल्या, दहा पावलं दूर गेलो, आणि सुई वळली.

पुढं माझं आयुष्य मोजमापाच्या उपकरणांत गेलं. त्यातली शेवटची काही वर्षं मी एकाच गोष्टीमागं आहे: स्नायू काम करत असताना त्याच्याभोवती जे चुंबकी क्षेत्र उमटतं ते, कातडीला हात न लावता, मोजणं. या विषयातली खरी अडचण कोणती, हे मला त्या सकाळीच इथं कळलं होतं. आपल्याला ते कळलं आहे, हे मात्र तीस वर्षांनी कळलं.

आता एक करा. उजवा हात मांडीवर ठेवा आणि मूठ आवळा. कोपराखाली डाव्या हातानं चाचपून पाहा, मांस टणक झालेलं लागेल. ही मूठ वळण्याआधी मेंदूकडून निघालेला निरोप पाठीच्या कण्यातल्या प्रेरक चेतापेशींपर्यंत आला, तिथून मज्जातंतूतून स्नायूत उतरला. एक चेतापेशी एकाच धाग्याला हुकूम देत नाही, तिच्या हाताखाली धाग्यांची एक तुकडी असते. डोळा फिरवणाऱ्या नाजूक स्नायूत अशी तुकडी दहाएक धाग्यांची, तर पोटरीत हजारावर धाग्यांची. हुकूम पोचला की प्रत्येक धाग्याच्या आवरणावर विजेची एक लाट उठते आणि सेकंदाला सुमारे चार मीटर वेगानं धाग्याच्या दोन्ही टोकांकडं पळते. चार मीटर म्हणजे आरामात सायकल चालवणाऱ्या माणसाचा वेग. जिथं विद्युतप्रवाह तिथं चुंबकी क्षेत्र, हे एर्स्टेडनं १८२० मध्ये होकायंत्राच्या सुईवरच दाखवून दिलं. तेव्हा तुमच्या आवळलेल्या मुठीभोवती या क्षणी एक चुंबकी क्षेत्र आहे. मूठ सोडली तरी चालेल.

आजवर आपण मोजत आलो ती या लाटेची वीज. एमिल द्यु ब्वा-रेमों या बर्लिनच्या शास्त्रज्ञानं १८४० च्या दशकात त्यासाठी २४,००० हून जास्त वेढ्यांचं गॅल्व्हानोमीटर स्वतः गुंडाळलं. दोन भांड्यांत मिठाचं पाणी, एकेका भांड्यात एकेका हाताची बोटं, आणि मग एकच दंड आवळायचा. सुई हलली, पण अगदी थोडी. कातडी विजेला वाट देत नव्हती. त्यानं काय करावं? दोन्ही हातांवर फोड आणून कातडी सोलली आणि प्रयोग पुन्हा केला. सुई जोरात हलली. म्हणजे स्नायूचं बोलणं ऐकायचं तर कातडीचा अडसर दूर करायचा, ही रीत तेव्हापासूनची. १९२९ मध्ये एड्रियन आणि ब्रॉंक यांनी पोकळ सुईच्या आत तार बसवली, तीही अडसर ओलांडण्यासाठीच.

ती सुई मी जवळून पाहिली आहे. माझी आत्या. तिच्या उजव्या अंगठ्याचा जोर गेला होता. कणीक मळताना हात बधिर व्हायचा, रात्री मुंग्यांनी जाग यायची. मनगटात मज्जातंतू आवळला जातो तो हा आजार. अंगठ्याच्या बुडाशी तळहातावर जो मांसल उंचवटा असतो, तो तिच्या एका हातावर सपाट झाला होता. दोन्ही तळहात शेजारी धरले की पोरालाही दिसावं. एका इस्पितळात ईएमजीसाठी, म्हणजे स्नायूची वीज तपासायला, नेलं. आधी मनगटाशी विजेचे झटके दिले. ते तिनं सोसले. मग त्या उंचवट्यातच सुई घातली. ज्यांनी ही तपासणी करून घेतली आहे त्यांना ठाऊक आहे की शरीरातल्या फार थोड्या जागा सुईला इतक्या चिडतात. आणि सुई आत असताना डॉक्टर सांगतात, ''आता अंगठा वर उचला, हळूहळू जोर लावा.'' आत्या झाशीची. तिनं जोर लावला आणि म्हणाली, ''डॉक्टरसाहेब, तुमची सुई बोलते ते मला इथं बसून ऐकू येतंय, मग तिला आत कशाला पाठवली?''

खोलीतल्या यंत्राच्या स्पीकरमधून तेव्हा खरंच स्नायूचा खरखराट येत होता. तिनं विनोद केला होता. मी मात्र तो प्रश्न घरी घेऊन आलो.

वीज बाहेर येताना चरबी, कातडी, घाम या सगळ्यांतून वाट काढते आणि वाटेत पसरते, बोथटते. चुंबकी क्षेत्राला शरीराचं मांस-चरबी जवळपास हवेसारखंच. ते वाकत नाही, अडत नाही. म्हणून जेल नको, केस भादरणं नको, पट्टी नको, सुई नको. आपल्याकडच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, घामानं सुटणाऱ्या इलेक्ट्रोडशी ज्यांनी झुंज घेतली आहे त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. पण स्पर्श नको म्हणजे दुरून चालेल, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. स्नायूतली लाट पुढून एका दिशेनं आणि मागून उलट्या दिशेनं प्रवाह चालवते. दोघं एकमेकांना बरंचसं खोडतात आणि अंतर वाढलं की क्षेत्र झपाट्यानं विरतं. वर्तमानपत्रात ''दुरूनच कळणार स्नायूंचे दुखणे'' असा मथळा आला तर 'दुरून' म्हणजे काही मिलिमीटर, फार तर दोन-तीन सेंटिमीटर, असं वाचावं.

आता आकडे. इथं, या बांधावर, पृथ्वीचं चुंबकी क्षेत्र सुमारे ४७ हजार नॅनोटेस्ला. त्यापुढं आणखी लहान मापात जायचं तर एका नॅनोटेस्लाचे हजार पिकोटेस्ला. तुमच्या मुठीच्या स्नायूचं क्षेत्र कातडीलगत काही पिकोटेस्ला ते काही दहा पिकोटेस्ला. सोयीसाठी दहा धरू. हिशेब केला तर पृथ्वीच्या क्षेत्राचा ४७ लाखावा भाग होतो. सत्तेचाळीस लाखांच्या थैलीत एक रुपया जास्त आहे की कमी, हे थैली हातात तोलून सांगायचं.

बरं, थैली निश्चल राहिली तर गोष्ट वेगळी. स्थिर क्षेत्र वजा करता येतं. पण संवेदक जरा कलला की पृथ्वीचं क्षेत्र त्याला बदललेलं भासतं. किती कलला तर? एक किलोमीटर लांब दांडी धरा आणि तिचं टोक पाव मिलिमीटरपेक्षाही कमी हलवा. तेवढा कल दहा पिकोटेस्लांचं सोंग घ्यायला पुरतो. आणि घरातल्या तारांमधून पन्नास हर्ट्झची वीज वाहते तिचं क्षेत्र सहज पन्नास-शंभर नॅनोटेस्ला असतं, म्हणजे स्नायूच्या पाच-दहा हजार पट. वाईट असं की स्नायूचा खरखराट साधारण वीस ते चारशे-पाचशे हर्ट्झमध्ये असतो. पन्नास बरोबर त्याच्या अंगणात येऊन बसतो. तुमच्या मोबाइलमधल्या होकायंत्राला साधारण शंभर नॅनोटेस्लांहून बारीक फरक कळत नाही. स्नायूचं क्षेत्र त्याच्याही दहा हजारावा भाग. तेव्हा एखाद्या ॲपनं असं काही मोजून दाखवण्याचा दावा केला तर पैसे देऊ नका.

इथं मला आपल्या मुलखातली एक जुनी हकीकत सांगायची आहे. ती स्नायूंची नाही. पण माझ्या धंद्यातल्या पोरांना मी पहिल्या दिवशी हीच सांगतो.

मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तिथं १८४१ पासून चुंबकी नोंदी सुरू झाल्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून जे प्रचंड चुंबकी वादळ पृथ्वीवर आलं, त्यात जगातल्या बहुतेक वेधशाळांच्या सुया कागदाबाहेर गेल्या, आणि कुलाब्याची नोंद मात्र टिकली. क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आलं होतं. आज त्या वादळाविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाला कुलाब्याच्या त्या आकड्यांकडं यावं लागतं.

पुढं शतक उलटलं आणि मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरू लागलं. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांना उघड दिसत होतं की रुळांतून वीज वाहू लागली की कुलाब्याच्या सुया पृथ्वीचं न सांगता ट्रामचं वेळापत्रक सांगतील. ट्राम थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. मग त्यांनी वेधशाळाच हलवली. समुद्रापलीकडं, मुंबईपासून तीसेक किलोमीटरवर अलिबागला, म्हणजे गंमत अशी की कुलाब्याहून निघालेली वेधशाळा कुलाबा जिल्ह्याच्याच मुख्य गावी गेली. इमारतीसाठी लोहाचा अंश नसलेला दगड पारखून घेतला, आणि जिथं लोखंडी खिळा ठोकला असता तिथं तांबं-पितळ वापरलं. १९०४ मध्ये अलिबागच्या नोंदी सुरू झाल्या. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेत राहिले, जुन्या आकड्यांची नव्या आकड्यांशी सांधेजोड व्हावी म्हणून. विजेची ट्राम मुंबईत धावली १९०७ साली.

ट्राम धावायच्या आधी तीन वर्षं! आपल्याकडं कुठलीही गोष्ट बिघडल्यावर समिती नेमायची चाल आहे, म्हणून मला या तारखा पाठ आहेत. आणि १९६४ साली मुंबईची शेवटची ट्राम बंद झाली, तरी अलिबागची वेधशाळा चालूच आहे. ज्या गोंगाटापासून ती पळाली तो संपला, तिची मोजणी संपली नाही. मूस यांनी ज्या खिळ्यांचा विचार केला, त्या माझ्या खिशातल्या किल्ल्या होत्या.

स्नायूंच्या बाबतीतही माणसं आधी पळालीच. १९६३ मध्ये बाउल आणि मॅक्फी यांनी अमेरिकेत पहिल्यांदा हृदयाचं चुंबकी क्षेत्र पकडलं ते प्रयोगशाळेत नव्हे. प्रत्येकी वीस लाख वेढ्यांची दोन वेटोळी घेऊन ते उघड्या मैदानात गेले, शहराच्या तारांपासून लांब. मग डेव्हिड कोहेन यांनी उलटा रस्ता धरला. आपण गोंगाटापासून लांब जायचं नाही, गोंगाटाला बाहेर ठेवायचं. एमआयटीत निकेल-लोखंडाच्या खास मिश्रधातूच्या आणि ॲल्युमिनियमच्या थरांची खोली बांधली, आणि आत 'स्क्विड' नावाचं अतिवाहक उपकरण ठेवलं. त्याला द्रवरूप हेलियमची, उणे २६९ अंशांची थंडी लागते. त्या खोलीत कोहेन आणि गिव्हलर यांनी १९७२ मध्ये माणसाच्या स्नायूंचं चुंबकी क्षेत्र नोंदवलं आणि त्या नोंदीला नाव दिलं मॅग्नेटोमायोग्राफी. ईएमजीची ही चुंबकी धाकटी बहीण. धाकटी पन्नास वर्षं घरातच बसून राहिली, कारण एवढी खोली आणि एवढी थंडी परवडणार कुणाला?

एके ठिकाणी मात्र ती कामाला लागली. आर्कान्सा विद्यापीठात हरी ईश्वरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये गर्भवतीच्या गर्भाशयाच्या स्नायूचे चुंबकी वेध प्रसिद्ध केले. यंत्राची पुढची बाजू पोटाला साजेल अशी खोलगट, तिच्यामागं १५१ संवेदक. बाईनं नुसतं तिच्यावर पोट टेकून बसायचं. कळा कुठून सुरू होतात आणि कशा पसरतात ते दिसायला लागलं, शिवाय बाळाच्या हृदयाचे ठोकेही. चुंबकी पद्धतीला तिची खरी जागा तिथं सापडली असं मी मानतो. सुई जिथं घालताच येत नाही, तिथं सुईची उणीव कुणाला भासणार?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत थंडीची अट सुटली. काचेच्या इवल्याशा कुपीत रुबिडियमची वाफ, साधारण दीडशे अंशांना तापवलेली, आणि तिच्यातून लेसरचा किरण. चुंबकी क्षेत्रानं अणूंचा रोख किंचित वळला की पलीकडं पोचणारा प्रकाश बदलतो. कुपी तापलेली, पण बाहेरचं वेष्टन हाताला सोसेल असं. त्यामुळे संवेदक कातडीच्या अगदी जवळ आणता येतो. २०१८ मध्ये ब्रोझर आणि सहकाऱ्यांनी अशाच संवेदकांनी तळहाताच्या आतल्या स्नायूंचे वेध घेतले. तो निबंध वाचताना मला आत्याचा अंगठा आठवला. दुसरी जात चुंबकी पापुद्र्यांची. संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये अक्षरं वाचणारा जो काटा असतो, त्याचेच हे वंशज. यांना ना थंडी लागते ना भट्टी. आपल्याकडं कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रानं स्क्विड देशातच घडवून हृदयाचे चुंबकी वेध घेतले आहेत. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये संवेदकांचं केंद्र मुंबईच्या आयआयटीकडं आलं आहे. तिथं हिऱ्यातल्या मुद्दाम राखलेल्या दोषांना चुंबकी क्षेत्र वाचायला शिकवतात. हिऱ्यातली खोट कामाला येते, हे ऐकून आमच्या झाशीच्या सराफांनी मान हलवली असती.

यातलं काही अजून कच्चं आहे, तेही सांगायला हवं. वाफेच्या कुपीला शे-दीडशे हर्ट्झच्या वरचं नीट ऐकू येत नाही, आणि स्नायूचं अर्धं बोलणं त्यावरच असतं. शिवाय तिला भोवती जवळजवळ शून्य क्षेत्र लागतं, म्हणजे खोली आलीच. पापुद्र्यांना खोलीविना चालतं, पण त्यांचा स्वतःचाच खरखराट अजून जास्त आहे. आणि एकट्यादुकट्या मरू घातलेल्या धाग्याची जी थरथर सुई टिपते, ती बाहेरून टिपणं फार कठीण. सुई एवढ्यात निवृत्त होत नाही. मला विचाराल तर ती कधीच पूर्ण होणार नाही, आणि त्यात वाईट काही नाही.

एक वेगळीच वाट एमआयटीच्या ह्यू हर यांच्या गटानं काढली. त्यांनी स्नायूच्या क्षेत्राचा नाद सोडला. टर्कीच्या पोटरीत तीन मिलिमीटरचे दोन चुंबकी मणी बसवले आणि बाहेरून त्या दोन मण्यांतलं अंतर मोजलं. स्नायू आखडला की मणी जवळ, सैलावला की लांब. मण्याचं क्षेत्र स्नायूच्या क्षेत्रापुढं राक्षसी, मोजायला सोपं. कृत्रिम पायाला पोटरीचा इरादा कळवायचा तर हा उपाय बरा वाटतो. कुजबुज ऐकू येत नसेल तर कुजबुजणाऱ्याच्या हातात घुंगरू द्यायचं. फक्त मणी बसवायला चाकू लागतो, आणि मग स्पर्श नको या म्हणण्याला काय अर्थ उरतो ते तुम्हीच ठरवा.

काल संध्याकाळी मी इथल्या मंडईत गेलो होतो. बरुआसागरचं आलं झाशीच्या प्रत्येक चहात असतं. एक बाई पोत्यावर बसून आल्याचे गड्डे मोडत होती. गड्डा डाव्या हातात, उजव्या अंगठ्याचा नेमका एक दाब, कट्, मातीचा एक खडा उडतो आणि बोट वेगळं. मोठी बोटं एका पाटीत, बारीक दुसरीत. तिच्या अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा लाकडासारखा घट्ट दिसत होता. शेजारी तिचा नवरा तराजू लावत होता. आल्याची पाटी एका पारड्यात ठेवण्याआधी त्यानं दोन्ही पारड्यांत तसल्याच रिकाम्या पाट्या ठेवल्या आणि काटा मधोमध आणला. पासंग काढला.

मी तिथं उभा राहून हसलो, आणि त्याला वाटलं मी मापाला हसतोय. मी त्याला हिंदीत समजावलं की दादा, आम्ही खोलीविना मोजतो तेव्हा हेच करतो. एक संवेदक स्नायूला लागून, दुसरा चार बोटं मागं. लांबून आलेला पन्नास हर्ट्झ दोघांना जवळपास सारखाच ऐकू येतो, जवळचा स्नायू फक्त पहिल्याला. एकातून दुसरा वजा केला की पाटीचं वजन गेलं, आलं उरलं. तो म्हणाला, ''दोन्ही पाट्या अगदी सारख्या मिळतात का तुम्हाला?'' मिळत नाहीत. हजारात एक भाग फरक राहिला तरी तेवढ्यानंच वजाबाकीनंतर स्नायूच्या कित्येक पट गोंगाट उरतो. आमचा सगळा धंदा या एका प्रश्नावर अडलाय आणि तो मला आलं विकणाऱ्यानं विचारला.

म्हणून मी इथं. शहरात पाट्या सारख्या करण्यापेक्षा पाटीचंच वजन कमी असेल अशा जागी जावं, हे बाउल आणि मॅक्फींचं, आणि त्याआधी मूसांचं शहाणपण आहे. बुंदेलखंडाचं मागासलेपण आपण ऐकत आलो. आमच्या धंद्याच्या तागडीत मात्र ही शांतता भारी भरेल, अशी माझी कल्पना होती. काल मी दोन संवेदक आणि बॅटरी घेऊन बांधावर बसलो. स्वतःचाच अंगठा समोर धरला. आकडे तपासायला अजून महिना जाईल, आज त्यांच्यावर बोलत नाही. पण एक सांगतो. दुपारी वाचन एकदम उसळलं. मी तारा तपासल्या, बॅटरी बदलली. मग रुळांचा आवाज आला. बरुआसागर स्टेशनावरून आता विजेची गाडी जाते, पंचवीस हजार व्होल्टची, पन्नासच हर्ट्झची. मूसांना ती तीन वर्षं आधी दिसली असती.

व्याख्यान इथं थांबवतो. चहा झाला की ज्यांना यायचं आहे त्यांनी माझ्याबरोबर बांधावर चला. मास्तरांच्या घरच्यांनी ती पितळी डबी आठवणीनं आणली आहे, सुई अजून फिरते. पुढची गाडी यायला तास आहे, तेवढ्यात एखाद्याचा अंगठा मोजूनही पाहू. फक्त किल्ल्या, मोबाइल, घड्याळं या टेबलावर ठेवून या. वहिनींनो, केसातल्या पिनासुद्धा.